माझी सोय करणारे लोक

न्हाणीत पाय घसरून माझं मांडीचं हाड मोडलं आणि माझ्या दोन्ही मुलांना एकदम आई आठवली. कारंज्याच्या घरात मी एकटी राहते हे त्यांना त्यांचे बाबा गेल्यापासून ठाऊक होतं. त्यात धोका आहे हा शोध मात्र हाड मोडल्यावर लागला. ऑपरेशनला दोघं आले. थोरला म्हणाला, "आई, तू आता नागपूरला धाकट्याकडे राहा." धाकटा म्हणाला, "दादाकडे पुण्याला लिफ्ट आहे." एकमेकांचा एवढा विचार करणारे भाऊ हल्ली कुठे पाहायला मिळतात?

मी म्हटलं, "मी माझ्याच घरी राहणार. मदतीला कोणी मिळतं का बघा."

त्यांनी अकोल्याच्या एका संस्थेकडून प्रशिक्षित बाई पाठवली. तिला ऊन सोसत नव्हतं, तिखट चालत नव्हतं आणि पाल दिसली की ती पलंगावर चढायची. माझ्या पलंगावर. मी वॉकर धरून ओट्यापाशी जायची, दोघींचा चहा करायची. ती त्याचा व्हिडिओ मुलांना पाठवायची. आईची प्रगती पाहून मुलं खूश! पुढे तिला ताप आला, तेव्हा तिच्या कपाळावर पट्ट्याही मीच ठेवल्या. बरी झाल्यावर तिला ऑटोत बसवून दिलं. जाताना म्हणाली, "आजी, तब्येतीले जपजा."

हाड मोडलं होतं, डोकं शाबूत होतं. गल्लीत नवीनच राहायला आलेली एक शिंपीणबाई मशीनसाठी जागा शोधत होती. तिला मी पुढची खोली दिली. भाड्याऐवजी तिनं किराणा-औषधं आणायची आणि माझ्याकडे लक्ष ठेवायचं. वर माझी अट, "मी हाक मारल्याशिवाय मला हात लावायचा नाही."

"अन् तुमी पडल्या त?"

"पडले की मारीनच हाक."

"मंग पडाच्या आदीच मारा ना, मावशी."

मी पुढच्या खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

आता दिवसभर घरात बायका. ब्लाउजचं माप देता देता जी ती माझ्या पायावर इलाज सांगते. एकीनं तर ऑपरेशनमध्ये घातलेला रॉड गंजणार नाही ना, असंही विचारलं. रात्री शिंपीणबाईची सासू सोबतीला झोपायला येते. ती इतकी घोरते की चोर फिरकायचा नाही, आणि सुनेलाही तेवढीच विश्रांती.

दिवाळीच्या तोंडावर दोन्ही मुलं न कळवता पाहणीला आली. मी दुपारची आडवी झाले होते. शिंपीणबाईनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"कोण पायजे?"

"आमची आई."

"मावशी झोपल्या हायेत. बसा तिकडं बाकावर. अन् थे कपडे जरा बाजूले सरकवा."

बाक करकरला. दोघं कपडे सरकवून बसले असावेत. मी जागीच होते. त्यांचे आवाज ऐकून बरं वाटलं, नाही असं नाही. तरी मी लगेच उठले नाही.