एका बाजूने झिजलेला रुपया

त्या एका रुपयाचं प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं आणि माझी नेमणूक मुरबाड भागात होती. जुनी नाणी विकून लखपती व्हा, असले व्हिडिओ मोबाइलवर फिरत होते. त्या हवेत एक नाणेवाला भिंग आणि काचेची पेटी घेऊन आठवडी बाजारात बसू लागला.

डोंगराकडच्या पाड्यावरची एक आजी आमच्या पोलीस ठाण्यात आली. नातीच्या हट्टाखातर तिने देव्हाऱ्यातला, इंग्रज राजाच्या छापाचा चांदीचा रुपया त्याला दाखवला होता. त्याने तो उलटसुलट करून, ‘याला किंमत नाही’ म्हणत परत दिला. घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं, रुपया बदललाय. त्यांच्या घरातल्या प्रत्येक नवरीच्या हातात हळदीला तोच रुपया ठेवायचा रिवाज, आणि नातीचं लग्न पंधरवड्यावर आलेलं.

“साल कुठलं होतं त्यावर?” मी विचारलं.

“मला वाचता येत नाय, सायेब.”

“मग बदलला कशावरून? राजा तोच, चांदी तीच!” मी खेकसलो.

“माजा नाय म्हंजे नाय,” असं म्हणून ती तिथेच बसून राहिली. मी फिर्याद घेतली ती केवळ पीडा टळावी म्हणून. हे लिहिताना आज लाज वाटते.

चार दिवसांनी खबर आली, नाणेवाला वाशिंदला एका गिऱ्हाइकाला दुर्मिळ सालाचा रुपया विकणार आहे. पंच घेऊन आम्ही त्याला तिथेच गाठलं आणि रुपया जप्त केला. गडी निर्ढावलेला होता. “साहेब, नाण्यावर कुणाचं नाव लिहिलंय का? मी कल्याणला विकत घेतलाय.” दोन तास झाले तरी तो बधेना.

शहापूरचे एक निवृत्त शिक्षक नाणी जमवतात. त्यांना बोलावलं. भिंगातून पाहून ते म्हणाले, “बाजारात फिरलेलं नाणं दोन्हीकडून झिजतं. इथे राजाच्या दाढीचा केस न् केस दिसतोय, आणि मागची बाजू पार गुळगुळीत. साल जेमतेम वाचता येतंय. कुणीतरी एकच बाजू वर्षानुवर्षं घासलीय. निम्मी किंमत तिथेच गेली.”

मी तडक आजीकडे गेलो. रुपया न दाखवता विचारलं, “पूजा कशी करता?”

“चिंचेनं घासतो, हळदकुंकू लावतो. राजाला नाय पूजत आमी. त्याचं तोंड खाली, तांदळात.”

मग नायब तहसीलदारांसमोर ओळख परेड घेतली. सहा रुपये मांडले, सगळे राजाचं तोंड वर करून. आजीने एकेक उचलून खालून अंगठा फिरवला आणि चौथा मुठीत घट्ट धरला. जप्त केलेला रुपया तोच होता. हे ऐकल्यावर नाणेवाल्याचा चेहरा उतरला. अर्ध्या तासात त्याने सगळं कबूल केलं.

कोर्टात अर्ज केला आणि हळदीच्या आदल्या दिवशी रुपया सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत जपून ठेवण्याच्या अटीवर, तिला मिळवून दिला. शिक्षकांनी हात जोडले, “आजी, आता तरी घासू नका. किंमत आणखी उतरेल.”

“घासला म्हणून तर वळखला, गुरुजी,” ती म्हणाली आणि रुपया कनवटीला लावून चालू लागली.

त्यानंतर एखाद्या फिर्यादीला वस्तूचा नंबर सांगता आला नाही, तर मी विचारायचो, ती तुम्ही वापरता कशी? उरलेल्या वर्षभरात तीन-चार गुन्हे त्या एका प्रश्नाने उघडकीला आले. नोकरीभर मी कागद वाचत आलो. त्या बाईचा अंगठा माझ्याहून चांगलं वाचत होता, आणि हे मला इतक्या उशिरा कळलं याची चुटपुट आजही आहे.