फोटोपुरती भरती

साहेबांनी माझ्या पांढऱ्या एप्रनवर घोंगडी टाकली. मागं सरले, मान तिरकी करून बघितलं आणि फोटोवाल्याला म्हणाले, "आता दिसते धनगराची पोरगी."

लॅबमधले सगळे हसले. बेल्ह्याच्या बाजारातून कोकरू आणलं होतं, कंपनीच्या टेम्पोतून. ते माझ्या हातात दिलं. फोटोवाला म्हणाला, जरा हसा. मी हसले. नोकरी नवी होती.

मंचरच्या अलीकडं हायवेला लागून ती कंपनी. टोमॅटोची पेस्ट, आंब्याचा पल्प. दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी कंपनीनं ठरवलं की शिकाऊ उमेदवार फक्त पुण्याच्या कॉलेजांतून घ्यायचे नाहीत. आसपासच्या गावांतून घ्यायचे, ज्या समाजातलं आजवर कुणी आत आलं नाही त्यातूनही घ्यायचे. ठरवलं ते चांगलंच होतं. ओतूरच्या कॉलेजातून मी बीएस्सी झाले होते, पहिल्या वर्गात. मुलाखतीत विचारलेलं सगळं मला आलं होतं.

पण तो फोटो मोठा करून गेटवर लावला. खाली लिहिलं, 'रानातून प्रयोगशाळेत'. रोज सकाळी मी त्याच्याखालून आत जायची.

माझ्याबरोबर पुण्याच्या दोघी लागल्या होत्या. त्यांना मशीनवर बसवलं. मला बाटल्या धुवायला. बाहेरचे पाहुणे आले की मात्र मला हाक यायची. साहेब माझ्या घरच्या मेंढ्यांबद्दल विचारायचे. मी बोलताना 'व्हतं' म्हणाले की पाहुण्यांकडं बघून हसायचे, पुन्हा म्हणायला लावायचे. नमुने तपासायला त्या दोघी. नमुना म्हणून मी.

निरगुडसरची एक बागायतदाराची मुलगी पॅकिंगला होती. एसटीत माझ्या शेजारी बसायची, घरचं सगळं सांगायची. गेटच्या आत ओळख द्यायची नाही. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाच्या बाकीच्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. कुणी काही बोललं नाही. फक्त येऊन बसलं नाही. मी पटपट जेवायला शिकले.

आई-दादा दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन घाट उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. मधेच कधी कोकणातल्या एखाद्या बूथवरून आईचा फोन यायचा, घरमालकिणीकडं. आई विचारायची, "बरं चाललंय ना गं?"

मी म्हणायची, "लई बरं."

मग खोलीत येऊन भिंतीकडं बघत बसायची.

वर्ष संपलं. त्या दोघी कायम झाल्या. मला आणखी एक वर्ष शिकाऊ. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले, विचारलं, माझं काय चुकलं. ते शांतपणे म्हणाले, "चुकलं काहीच नाही. अगं, गेटवर कुणाचा फोटो आहे? तुझाच ना? आणखी काय पाहिजे?"

त्याच हिवाळ्यात नवी भरती निघाली. ओतूरला माझ्याच कॉलेजात. साहेबांनी मला जीपमधून नेलं. वाटेत काय बोलायचं ते पढवलं. कंपनी नसती तर मी आज मेंढ्यांमागं असते, एवढं सांगायचं आणि खाली बसायचं.

समोर मुली बसल्या होत्या. काही माझ्याच वाड्यावस्त्यांवरच्या. वह्या मांडीवर, चेहरे आशेनं भरलेले. त्यातलं कोण पुढच्या वर्षी त्या गेटवर टांगलं जाईल, असं मनात आलं आणि पढवलेलं बोलवेना.

मी म्हणाले, "कंपनी नसती तरी मी बीएस्सीच व्हते. ती पदवी मला या कॉलेजानं दिली. तुमी या, जरूर या. पन सही करायच्या आधी विचारा, मशीनवर कधी बसवणार आणि कायम कधी करणार. मी विचारलं न्हवतं. दुसरं वरीस चाललंय, मी अजून बाटल्या धुतीय."

'व्हते' तोंडातून गेलं, ते मी गिळलं नाही.

टाळी कुणी वाजवली नाही. मागची एक मुलगी उठली आणि साहेबांना तेच विचारलं. साहेब म्हणाले, ते नंतर बघू. ती खाली बसली नाही.

बाहेर आले तर जीप निघून गेली होती. ओतूरच्या स्टँडवर बाजाराची गर्दी. त्या गर्दीत हे सांगावं असं एक माणूस मला नव्हतं. दुसऱ्या दिवशी वॉचमननं गेट उघडलं नाही. त्याला तसा निरोप होता.

कामाशिवाय बरेच दिवस गेले. पुढं एका छोट्या डेअरीच्या लॅबमध्ये लागले, तिथं मशीन शिकले. तिथंही पहिल्याच दिवशी एकानं मेंढ्यांचं विचारलं.

मी जात लपवत नाही. मांडायलाही कुणाला देत नाही. मला घ्यायचं तर कामाला घ्या, आणि कामावर जोखा. जिथं शिकवणार नाहीत तिथं मी उभी राहणार नाही. आणि निघताना गप्प निघणार नाही.