झोपेत उतरणारा आकडा

परभणीच्या दवाखान्यात माझ्या आईच्या शेजारच्या खाटेवर पालमकडचे एक मेंढपाळ होते. त्यांची बायको सतत मशीनवरचा ठोक्यांचा आकडा बघायची. त्यांना गाढ झोप लागून आकडा उतरला, की घाबरून हलवून उठवायची.

दुपारी सिस्टर म्हणाल्या, "मावशी, गाढ झोपेत ठोके कमी होतात, स्वप्नात वाढतात. झोपू द्या त्यांना."

"कमी होत होत थांबले तर वो?"

"लक्ष हाय आमचं," म्हणून त्या पुढे गेल्या.

मावशींनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. आकडा उतरत गेला, पण त्यांनी उठवलं नाही. मग आकडा चढला. नवरा झोपेतच मेंढरं हाकल्यासारखा पुटपुटला.

"रानात गेल्यात जणू," त्या मला हळूच म्हणाल्या. "माघारी येतेल ना?"

संध्याकाळी नवऱ्यानं डोळे उघडून चहा मागितला, तेव्हा कुठे मावशींनी पदरातले हात सोडवले.