बाबांच्या दोरानं आखलेलं मैदान

मी ऑलिम्पिकमध्ये धावले ती एकूण दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. आठशे मीटरची पहिली फेरी, आठ जणींत सातवी, आणि सामान आवरून परत. आमच्या गावी, सौंसरला, मात्र बँड लागला होता. उघड्या जीपमधून मला मिरवलं. बाजार चौकात एका आजोबांनी जीप थांबवून विचारलं, "जगात सातवी आली न बाई? मंग हे लोक हरली हरली काऊन म्हणून राहिले?" मी त्यांना त्या आठ जणींचं काही सांगितलं नाही. हात जोडले आणि पुढं गेले.

पंधराव्या वर्षी मी क्रीडा वसतिगृहात गेले होते. मग नागपूरला नोकरी, मग गुडघा, आणि पन्नाशीला आल्यावर नोकरी सोडून परत घरी. रामाकोन्याच्या रस्त्याला आमची संत्र्याची बाग होती. झाडं म्हातारी झाली, डिंक्या रोग लागला, आणि भावानं ती काढून टाकली. एक-दोन वर्षं जमिनीला विसावा देऊन मग तो नवी कलमं लावणार होता. मी म्हटलं, मला दे, पोरापोरींसाठी मैदान करते. वहिनीनं कपाळाला हात लावला, पण भाऊ म्हणाला, "घे न. तुह्यंबी वावर आहे."

आता मैदान म्हणजे चारशे मीटरची एक फेरी, आणि ती मोजायला फीत हवी. शाळेची फीत मध्येच तुटलेली. ट्रॅक्टरच्या खोलीत खुंटीला बाबांचा दोर लटकत होता. कलमं लावताना खड्ड्यांची जागा ठरवायला बाबा तोच वापरायचे. ठरावीक अंतरावर गाठी, आणि प्रत्येक गाठीत लाल चिंधी. आसपासच्या बागा वीस फुटांवर लावलेल्या, म्हणजे गाठी वीस फुटांच्या हे मला विचारायचीही गरज वाटली नाही. पासष्ट गाठी आणि वर थोडं, झाले चारशे मीटर. दोन पोरं हाताशी घेऊन मी खुंट्या ठोकल्या, वळणं आखली, चुन्याची फक्की मारली. बाबांच्या दोरानं बाग लागली, आता मैदान लागलं, असं म्हणून मी डोळेही पुसले. मला असलं काही सुचलं की समजावं, कुठंतरी गडबड आहे.

पोरं येऊ लागली. पहाटे वीस-पंचवीस जण, कुणी बुटांत, कुणी अनवाणी. वेळा इतक्या छान यायच्या की मला स्वतःचाच हेवा वाटायला लागला. पांढुर्ण्याहून एक क्रीडाशिक्षक बघायला आले, मनगटावर नवं घड्याळ लावून दोन फेऱ्या पळाले आणि भीत भीत म्हणाले, "मॅडम, माझं घड्याळ सातशे वीसच मीटर दाखवून राहिलं." मी म्हटलं, "सर, मी आयुष्यभर आठशे धावले आहे. घड्याळ बदलून घ्या." ते बिचारे चहा न घेता गेले.

त्या पोरांत एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची. बोरगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, आणि आई जामसांवलीला मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा विकायची. वडील नव्हते. ही मुलगी पळायची ते पाहताना मला माझा गुडघा विसरायला व्हायचं. एका सकाळी तिनं आठशे मीटर दोन मिनिटं वीस सेकंदांत काढले. मी तीनदा घड्याळ पाहिलं. त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि तिच्या आईला सांगितलं, पोरगी राज्यात नाव काढेल, सहा महिने तिला नोकरीतून मोकळी करा, पूर्ण सराव करू दे. आईनं पोरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुमी ऑलिम्पिकच्या आहा. तुमच्याहून आमाले काय समजते?" दुसऱ्या दिवशी मुलीनं काम सोडलं.

जिल्ह्याची निवड चाचणी पांढुर्ण्याला होती. ती आठ दिवसांवर आली असताना भाऊ सकाळी मैदानावर चहाची किटली घेऊन आला. मी लांब उडीची जागा आखत होते. त्यानं दोर हातात घेतला, चिंधी चाचपली.

"बाबाचा दोर अजून धड आहे वाटते."

"त्यानंच तर सगळं मैदान मोजलं."

"गाठी किती धरल्या?"

"पासष्ट. वीस-वीस फुटांच्या."

भावानं किटली खाली ठेवली. "वीसची बाजूवाल्याची बाग होती. आपली अठराची. मी गड्ड्यात उभा राहून हा दोर धरला आहे बाई. तू तवा होस्टेलात होती."

एका गाठीला दोन फूट. पासष्ट गाठींचे एकशे तीस. फेरी चाळीस मीटरनं कमी, दोन फेऱ्या ऐंशी मीटरनं कमी. पांढुर्ण्याच्या सरांचं घड्याळ अगदी बरोबर होतं. मी तिथंच चुन्याच्या रेषेवर बसले. भाऊ घाबरला, त्याला वाटलं गुडघा गेला.

त्या दिवशी माझ्या मनात काय काय आलं ते सांगते, लपवण्यात अर्थ नाही. खुंट्या गुपचूप बाहेर सरकवाव्यात. वेळ वाढली की पोरीला सांगावं, थकवा आहे, होतं असं. भाऊ कुणाला बोलला नसता, त्याचा तसा स्वभावच नाही. आणि खरं सांगायचं तर मला मैदानाची लाज वाटत नव्हती, माझी वाटत होती. चारशे मीटर म्हणजे किती हे ज्या बाईच्या पायांना झोपेतही कळायला हवं, तिला चाळीस मीटर कमी पडल्याचं कळलं नाही, कारण वेळा गोड लागत होत्या. आणि ज्या वावरावर मी हक्क सांगत होते, तिथल्या झाडांत किती अंतर होतं हेही मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. जामसांवलीला तोबा गर्दी. आईच्या दुकानाशी मुलगी खाली बसून माळा ओवत होती, आई गिऱ्हाईक बघत होती. मी चपला काढून तिच्यासमोर पोत्यावर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. दोर, गाठी, बाबा, भाऊ, ऐंशी मीटर. मुलीचा हात थांबला.

"म्हणजे मी आठशे कधी पळलीच नाही?"

"नाही."

"मंग माहा टाईम किती आहे?"

"ठाऊक नाही. दोन वीस नक्की नाही. पंधरा-सोळा सेकंद तरी जास्त असेल."

आई म्हणाली, "पोरीचं काम गेलं न मॅडम." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. कुणीतरी माळ मागितली, ती तिकडं वळली.

मुलीनं एक माळ पुरी केली, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "उद्या मैदान पुन्हा मोजा. पण तुमी नका मोजू. भाऊंले मोजाले सांगा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रविवारी भाऊ बाजारातून नवी पोलादी फीत घेऊन आला आणि दोन तास उन्हात मोजत बसला. फीत नवी असली तरी प्रत्येक खुंटीशी तो दोनदा वाकून बघायचा. मी फक्त फक्कीची पाटी धरून मागं मागं. मुलगी बांधावर उभी राहून बघत होती. मोजणी झाल्यावर तिनं बूट घातले. सातशेपर्यंत ती नेहमीसारखी आली, आणि जुन्या शेवटाशी तिचे पाय जड झाले; रोज तिथंच थांबायची सवय. पुढचे ऐंशी मीटर तिनं कसे काढले ते मी बघू शकत नव्हते, पण घड्याळासाठी बघावं लागलं. माझ्या त्या ऑलिम्पिकच्या फेरीत तिघीजणी मला तेवढ्याच अंतरात मागं टाकून गेल्या होत्या.

"दोन अडतीस," मी सांगितलं. एक सेकंदही कमी नाही.

ती गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. "बरं," म्हणाली. नंतर चार दिवस तिनं माझ्याशी पळण्याशिवाय दुसरा शब्द काढला नाही. पांढुर्ण्याला तिनं दोन तेहतीस काढले. दोघींची निवड होणार होती, ती तिसरी आली. बसमध्ये खिडकीशी बसून तिनं डबा उघडला आणि अर्धी पोळी माझ्याकडं सरकवली. चार दिवसांत मिळालेली पहिली माया, मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

कारखान्यात तिला परत घेतलं, आता दुपारच्या पाळीला. सकाळ मोकळी राहते म्हणून ती येतेच, आणि आता एकटी येत नाही. तिच्या पॅकिंगच्या बायका तिच्याबरोबर येतात. कुणी ओढणी कमरेला बांधून, कुणी साडी खोचून. कुणाला वजन कमी करायचंय, कुणाला नुसतं घराबाहेर पडायचंय. मी त्यांना पळवते, हसवते, रागावते. नवी कलमं दुसऱ्या तुकड्यात लावायचं भावानं ठरवलं आहे आणि वहिनी बायकांसाठी लिंबू सरबत धाडते. माझे दिवस बरे चालले आहेत.

गेल्या आठवड्यात त्यांतली एक, पस्तिशीची, दोन मुलांची आई, आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण फेरी न थांबता पळाली. मी वेळ सांगितली. तिनं माझ्या हातातल्या घड्याळाकडं संशयानं पाहिलं.

"हे बरोबर असते का जी? का मन राखाले सांगून राहिल्या?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आमची मुलगी बूट बांधता बांधता म्हणाली, "मॅडमचा टाईम खरा असते. वाईट असन तरी तसाच सांगते."

छातीवर देशाचं नाव लावून उभी होते, तेव्हाही मला इतकं भरून आलं नव्हतं. मी घड्याळ शून्यावर आणलं आणि पुढच्या बाईला रेषेवर बोलावलं.