ताणमुक्तीची समन्वयक

आमच्या शाळेत वरून एक फॉर्म आला. समानतेच्या कामावर नेमलेल्या शिक्षकांनी तो भरायचा होता. निपाणीच्या भागात या कामाचा अर्थ एवढाच, की शाळा सोडून विड्या वळायला बसलेल्या मुलींना घरोघर जाऊन परत आणायचं. फॉर्म कन्नडमध्ये, शाळा मराठी, पण त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. थकवा येतो का, झोप लागते का, चिडचिड होते का, असे प्रश्न होते. मुरलेल्या मंडळींनी सगळीकडे 'नाही' लिहून सही ठोकली. खरं लिहायची खाज मला एकटीलाच. थोड्याच दिवसांत उत्तर आलं. एवढी थकलेली शिक्षिका आसपासच्या शाळांच्या अख्ख्या क्लस्टरमध्ये दुसरी नव्हती, म्हणून मला ताणमुक्तीची समन्वयक नेमलं होतं. कोणाचा किती ताण उतरला याचा अहवाल मी दरमहा पाठवायचा.

हेडमास्तरांना मनापासून आनंद झाला. "बाई, आता आरामाचं काम मिळालं की तुमास्नी," म्हणाले, आणि दुपारच्या जेवणाची देखरेखही माझ्याकडे दिली.

पहिलं शिबिर बेळगावला, तेही रविवारी. तो रविवार मी आधीच कबूल करून बसले होते. माझ्या वर्गातली सातवीची एक मुलगी महिनाभर शाळेत नव्हती आणि तिच्या आईने मला बाजारात गाठलं होतं. "रविवारी चारच्या आत या बाई. तिचं आप्पा त्या दिवशी ठरवणार हाईत, शाळा का विड्या. माझं न्हाय ऐकत, तुमचं ऐकत्यात." येते म्हणाले होते. माझी आईही विड्याच वळायची. मला शाळेत बसवलं ते अशाच एका बाईंनी, आमच्या दारात ठाण मांडून. त्यामुळे या मुलीचं मला फार लागलं होतं.

ऑफिसला फोन केला. दांडी मारली तर नोटीस निघेल, असं कळलं. ताण घालवायला न आल्याबद्दल नोटीस!

शिबिरात ऑफिसच्या साहेबांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मग उघडायला लावले, कारण मिटल्याचा फोटो हलला होता. मग परत मिटायला. व्याख्यानाला बंगळूरहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, शिक्षकांना 'नाही' म्हणता येत नाही आणि म्हणूनच ते झिजतात. मग सराव म्हणून हॉलभर मास्तर आणि बायका मराठीत, कन्नडमध्ये, बेंबीच्या देठापासून 'नाही' म्हणाले. मला तर चांगलाच हुरूप आला. जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांना गाठलं. "सर, मला आता थांबता येणार नाही. निपाणीला एका मुलीची शाळा सुटतेय, तिथे पोचायचंय."

साहेब कौतुकाने हसले. "छान शिकलात. पण चारला ग्रुप फोटो आहे. समन्वयक मधोमध पाहिजे."

आणि मी थांबले. नोकरीला घाबरले, दुसरं काही कारण नव्हतं. फोटोत मी मधोमध आहे आणि हसतेय.

बस निपाणीला पोचली तेव्हा दिवे लागले होते. मुलीचे वडील उंबऱ्यात बसले होते. "वाट बघितली बाई," ते म्हणाले. "चारपतोर बघितली. मग तिच्या आईच्या विडीच्या कार्डावर कारखान्यातनं पोरीच्या वाटची बी पानं उचलून आणली." आई माझ्याकडे बघत नव्हती. मी हायस्कूल, हॉस्टेल, स्कॉलरशिप असं काय काय बोलत सुटले. वडील मान डोलवत होते, पण ती नुसती माझा मान राखायला. एकदा वाढीव पानं उचलली की दर आठवड्याला तेवढ्या विड्या वळून द्याव्याच लागतात, मग त्या हातांना शाळा उरत नाही. हे मला आमच्याच घरातून ठाऊक होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मुलगी आत कात्रीने पानं कापत होती. उठली, मला तांब्याभर पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझी समजूत घालावी तशी हळू आवाजात म्हणाली, "लई दमलासा बाई. आता तुमास्नी आमच्याकडं यायाची दगदग न्हाय."