एक ऑन साठ

मी आयुष्यात गर्दीसमोर एकदाच तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आमचं घर घेऊन झालं.

एरवी मी बोलत नाही. बोलता येतं, पण समोर तीनपेक्षा जास्त माणसं असली की माझा आवाज आत जाऊन दार लावून बसतो. पुण्यात आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मराठी बोललं की दंड, आणि घरी इंग्लिश बोललं की टोमणे; तेव्हा गप्प बसणं हेच सगळ्यात स्वस्त पडायचं. त्या दिवसांत मला न बोलता ओळखणारा जगात एकच माणूस होता: कोपऱ्यावरचे वाणीकाका. आई मला ब्रेड आणायला पाठवायची, आतून किंमत ओरडून सांगायची, मी डब्यातून पैसे मोजून न्यायचे. काका ब्रेड द्यायचे आणि न विसरता दोन रुपये माझ्या हातावर ठेवायचे. दर वेळी! मी त्याची चॉकलेटं खायचे आणि हे गुपित कुणाला सांगायचे नाही. गप्प मुलीलाही कुणी जीव लावतं, यावरचा माझा विश्वास त्या दोन रुपयांवर उभा होता.

पुढे मी तेरा वर्षांची असताना आम्ही सिडनीला आलो आणि पेंडल हिलच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये बारा वर्षं राहिलो. या बारा वर्षांत आईने भिंतीत एकही खिळा ठोकला नाही. ठोकला तर घरमालक डिपॉझिटमधून कापतो. त्यामुळे आमचं मराठी कॅलेंडर फ्रिजवर, चहाच्या डब्याला टेकून उभं असायचं. कुणी फ्रिज जोरात लावला, की अख्खा श्रावण खाली! आईने पुण्याहून आणलेली हातोडी मात्र ओट्याखालच्या कप्प्यात तेल लावून ठेवलेली. का, ते कुणी विचारायचं नाही.

मग एक दिवस घरमालकाची ईमेल आली. तो फ्लॅट विकणार होता. आमच्या बजेटमध्ये सिडनीत काय मिळेल, याचा बाबांनी आठवडाभर अभ्यास केला आणि निष्कर्ष सांगितला, "गॅरेज. गाडी आत असेल तर तेही नाही."

मी तोवर नोकरीसाठी अ‍ॅडलेडला आले होते आणि मॉसन लेक्सला दोन मैत्रिणींबरोबर राहत होते. बाबांच्या कंपनीची एक शाखा तिथेही होती. "आपण सगळेच अ‍ॅडलेडला जाऊ," असं बाबांनी जाहीर करताच पेंडल हिलच्या मित्रमंडळींनी सांत्वनाला येतात तसं यायला सुरुवात केली.

"अ‍ॅडलेड? अरे, तू रिटायर झालास का?"

"तिथे पाच वाजता दुकानं बंद होतात म्हणे!"

"बंद होऊ देत," आई म्हणाली. "भिंती तर आपल्या असतील."

मॉसन लेक्सपासून दहा मिनिटांवर एक घर लिलावाला निघालं. तीन खोल्या, मागे लिंबाचं झाड, आणि स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक लांबलचक मोकळी भिंत. आई-बाबा विमानाने येऊन ते पाहून गेले. बाबांनी छप्पर पाहिलं, नळ पाहिले, कुंपण हलवून पाहिलं. आईने फक्त त्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "हेच."

लिलाव शनिवारी होता, आणि नेमक्या त्याच शनिवारी सिडनीत आमचा फ्लॅट पाहायला लोक येणार होते. तो चकाचक करून उघडून द्यायची जबाबदारी आई-बाबांची. म्हणून त्यांनी सह्या करून अधिकारपत्र पाठवलं, आणि बोली लावायचं काम पडलं माझ्यावर. माझ्यावर! पिझ्झासुद्धा अ‍ॅपवरून मागवते मी, फोनवर बोलावं लागू नये म्हणून.

"काही बोलायचं नाहीये गं, सई," बाबांनी धीर दिला. "नुसतं कार्ड वर करायचं. मी फोनवर आहेच. आणि लक्षात ठेव, आकडे मराठीतच. शत्रूला कळता कामा नये."

शत्रू म्हणजे बाकीचे बोली लावणारे. आमची मर्यादा ठरली होती साडेसात, म्हणजे सात लाख पन्नास हजार. साडे, सव्वा, पावणे मला येतात, घड्याळातून शिकलेय. शंभरपर्यंतचे बाकीचे मराठी आकडे मात्र मला दूरच्या नातेवाइकांसारखे वाटतात. चेहरे ओळखीचे, पण नेमकं कोण कोणाचं ते सांगता येत नाही.

शनिवारी मी साडेदहाला तिथे पोचले आणि लगेच फोन वाजला.

"सुरू झालं?" बाबा.

"बाबा, अकराला आहे."

"अकराच वाजलेत!"

अ‍ॅडलेडचं घड्याळ सिडनीच्या अर्धा तास मागे असतं. पाऊण नाही, तास नाही, अर्धा! हे बाबांना माहीत होतं, पण त्या दिवशी त्यांच्या मेंदूत फक्त छप्पर आणि नळ होते.

"मग अर्ध्या तासाने करा फोन."

"छे! मग लागला नाही तर? चालूच ठेव."

ते दोघं फ्लॅटखाली गाडीत बसले होते. वर अनोळखी लोक आमची कपाटं उघडून पाहत होते, आणि खाली आई त्यांना मोजत होती. "अहो, आणखी दोघं गेले वर. बूट न काढता!" हे सगळं मी अर्धा तास कानात ऐकलं. माझा फोन आधीच नकाशा बघून दमला होता. लिलाव सुरू झाला तेव्हा बॅटरी सहा टक्के होती.

अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली होती. लिलाव करणारा माणूस घट्ट सूटमध्ये, उन्हात घामाघूम, पण आवाज असा की शेजारच्या गल्लीतल्यांनीही बोली लावावी! माझ्या हातात चार नंबरचं कार्ड. माझ्यापासून दोन हात लांब शॉर्ट्स आणि चपला घातलेला एक धिप्पाड गृहस्थ, हातात कॉफी. बघता बघता बाकीचे गळाले आणि तो आणि मी असे दोघंच उरलो.

तो बोट वर करायचा. मी कार्ड छातीपर्यंत न्यायचे, त्यापुढे हात जातच नव्हता. घाबरले की माझा चेहरा दगडासारखा होतो. आई त्याला 'बँकेतला चेहरा' म्हणते. त्या गृहस्थाने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि बायकोच्या कानात काहीतरी कुजबुजला. मला नंतर कळलं, तो म्हणाला होता, "ही पोरगी प्रोफेशनल आहे."

सात पंचेचाळीस, मी. सात पन्नास, तो.

"बाबा," मी कुजबुजले, "साडेसात झाले. त्याचे."

मग बाबांचा आवाज, एकदम म्हातारा झालेला. "बरं. सोड मग. असू दे."

आणि मागून आईचा आवाज, "थांबा! माझे घाला त्यात! फिक्स्डमधले!"

"अगं, ते तुझे—"

"ती भिंत माझी आहे! घाला म्हणते ना!"

"ऐक, सई! सात लाख एकोणसाठ! एकोणसाठ! त्याच्यापुढे—"

"बाबा, इंग्लिशमध्ये सांगा ना."

"अगं, शत्रू शेजारी उभा—"

आणि फोन बंद पडला. काळा कुळकुळीत! त्यात मला माझाच बँकेतला चेहरा दिसला.

आता विचार करणं भाग होतं. एकोणसाठ. मी शांतपणे, पद्धतशीर विचार केला (चुका मी नेहमी पद्धतशीरच करते). एकवीस म्हणजे वीस आणि एक. एकतीस म्हणजे तीस आणि एक. मराठीत एकक आधी येतो, हे तर शाळेत शिकवलेलं. मग एकोणसाठ म्हणजे काय? एक... ऑन... साठ. एक ऑन साठ! साठावर एक! इतकं सोपं, इतकं सुंदर! आपल्या पूर्वजांबद्दल माझा ऊर भरून आला. सिक्स्टी-वन.

मी कार्ड उचललं. सात पंचावन्न, मी.

गृहस्थाने कॉफीचा शेवटचा घोट घेतला. सात साठ, तो.

"सात पासष्ट, मॅडम?" लिलाववाला माझ्याकडे वळला. मी मान हलवली, नाही. कारण माझ्याकडे फक्त एकच हजार उरले होते, आणि ते कार्ड वर करून सांगता येत नाहीत. ते तोंडाने सांगावे लागतात.

"गोइंग वन्स!"

मला ती भिंत दिसली. चहाच्या डब्याला टेकलेलं कॅलेंडर दिसलं. तेल लावलेली हातोडी दिसली.

"गोइंग ट्वाइस!"

"सेव्हन सिक्स्टी-वन!"

हा आवाज कुणाचा, म्हणून सगळ्यांबरोबर मीही मागे वळून पाहिलं! झाडावरची पाखरं उडाली. लिलाववाल्याने विचारलं, "एक, मॅडम? फक्त एक?" मी दगड. तो गृहस्थाकडे वळला. गृहस्थाने बायकोकडे पाहिलं, बायकोने आकाशाकडे. मग त्याने रिकामा कप चुरगळला आणि मान हलवली.

हातोडा पडला. आमच्या कुटुंबाचा पहिला हातोडा!

तो गृहस्थ हात मिळवायला आला. "सात साठ. आमची मर्यादा बरोबर तेवढीच होती. वरती एक कोण बोलतं? वेल प्लेड, मेट!" मी काहीच बोलले नाही. त्याने तेही डावपेचात धरलं.

आत ओट्यापाशी कुणाचा तरी चार्जर मागून मी फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला.

"गेलं ना?" बाबा घाईघाईने म्हणाले. "रडू नकोस. आपण पुढच्या शनिवारी—"

"मिळालं, बाबा."

"काय?"

"घर. मिळालं. सेव्हन सिक्स्टी-वनला."

"एकसष्ट? मी एकोणसाठ म्हणालो होतो!"

"हो ना. एकोणसाठ. सिक्स्टी-वन."

मग आईला हसू फुटलं. ती अशी हसत होती की वर फ्लॅट पाहणाऱ्यांनी खिडकीतून वाकून पाहिलं म्हणे.

"एकोण म्हणजे एक कमी, बये! एक कमी! साठाला एक कमी, एकोणसाठ! फिफ्टी-नाइन!" बाबा ओरडत होते. "वरचे दोन हजार आणायचे कुठून?"

"तुमच्या टीव्हीतून," आई म्हणाली. बाबांनी क्रिकेटसाठी भिंतीएवढा टीव्ही पाहून ठेवला होता.

"पण बाबा," मी म्हणाले, "त्या माणसाची मर्यादा साठ होती. मी एकोणसाठला थांबले असते तर घर त्याचं झालं असतं."

बाबांनी घसा खाकरला. "अच्छा. म्हणजे... मानसशास्त्र."

त्या संध्याकाळपासून पेंडल हिलमध्ये बाबांनी जी गोष्ट सांगितली, ती अशी: "लोक नेहमी गोल आकड्याला थांबतात. म्हणून आम्ही मुद्दाम एकसष्टवर गेलो. मुलीला तसं ट्रेनच केलं होतं!" सांत्वनाला आलेली तीच मंडळी आता कागद-पेन घेऊन बसली. महिन्याभरात त्यांच्यापैकी दोघांनी मला अ‍ॅडलेडच्या घरांचे भाव विचारले.

सामान ट्रकने आलं, आई-बाबा गाडीने दोन दिवसांत आले. हातोडी ट्रकमध्ये नव्हती. ती आईच्या पर्समध्ये होती. घरात शिरल्यावर तिने ना खोक्यांकडे पाहिलं, ना लिंबाच्या झाडाकडे. सरळ त्या भिंतीपाशी गेली आणि खिळा ठोकला. तिसऱ्याच ठोक्याला थोडं प्लास्टर पडलं. बाबा सवयीने दचकले.

"पडू दे," आई म्हणाली. "माझं आहे."

हे लिहिलेलं सगळं आईने तपासलंय, आकडे दोनदा. शिवाय मी आता आई-बाबांकडेच राहते, त्यामुळे रोज सकाळी चहाच्या वेळी त्या खिळ्यावरच्या कॅलेंडरसमोर माझी परीक्षा होते. परवाचीच गोष्ट.

"आज तारीख?" आईने विचारलं.

"एकोणतीस."

"म्हणजे?"

"तीसला एक कमी. ट्वेंटी-नाइन."

"शाब्बास! पुण्यात आपला मोठा ब्रेड होता ना, तेवढ्यालाच. आठवतंय? एकोणतीस रुपये."

माझा चहाचा कप अर्ध्यात थांबला. ब्रेड एकोणतीसचा. आणि मी डब्यातून दर वेळी, पद्धतशीर मोजून, न्यायचे एकतीस.

म्हणजे न बोलताही ज्याला मी आवडते असं मी आयुष्यभर धरून चालले होते, तो जगातला एकमेव माणूस, वाणीकाका, निव्वळ प्रामाणिक निघाला!