काचेवरच्या कुरडया

मुकुंदवाडीतल्या आमच्या पत्र्याच्या दोन खोल्यांना मीटर नाही, कारण प्लॉटचे कागद अजून सरळ झालेले नाहीत. एसी मात्र आहे. लोक हसतात. हसू देत. वाळूजच्या कंपनीतली पाळी संपवून येताना गाडीवरून पडून माझ्या नवऱ्याच्या मानेच्या मणक्याला मार लागला, तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत आणि त्यांच्या अंगाला घाम येत नाही. ऊन वाढलं की ताप वाढतो. खोली गार ठेवा, एवढंच डॉक्टरांनी दहा वेळा बजावलं होतं. म्हणून पत्र्यावर लोखंडी स्टँड ठोकून सोलरच्या सहा प्लेटा बसवल्या. एसी चालू असताना मिक्सर लावायचा नाही हा माझा कायदा, आणि तो मोडणाऱ्याची मी गय करत नसे.

मे महिन्यात एका दुपारी, बारा वाजून गेल्यावर, इन्व्हर्टरनं शिट्टी मारली आणि एसी बंद पडला. पंखाही थांबला. वायरी हलवून पाहिल्या, बटणं दाबली, इन्व्हर्टरला शिव्या घातल्या. तोवर खोली तव्यासारखी तापली होती. ह्यांचा चेहरा लालबुंद, अंग कोरडं. थर्मामीटर एकशे दोनवर. मी सोलरवाल्याला फोन लावला.

त्यानं शांतपणे विचारलं, "ताई, वर जाऊन पाहिलं का?"

शिडीचं लोखंड हाताला चटके देत होतं. वर गेले तर सहापैकी चार प्लेटांवर सासूबाईंचं जुनं लुगडं पसरलेलं आणि त्यावर ओळीनं ओल्या कुरडया. लेकाला आवडतात म्हणून त्यांनी पहाटे उठून चीक शिजवला होता. रोज सकाळी प्लेटा त्याच पुसत. तेवढी स्वच्छ जागा आमच्या गल्लीत दुसरी नव्हती. ना धूळ, ना मुंगी, ना शेळी.

आणि तिथंच, शिडीवर, मला आठवलं. सकाळी त्यांनी दारातून विचारलं होतं, "वाळवण काचंवर टाकू का गं?" मी ह्यांना कुशीवर वळवत होते. मान वर न करता म्हणाले होते, "टाका."

लुगडं खस्सकन ओढलं. कुरडया पत्र्यावर सांडल्या. खाली येऊन मी सकाळचं "टाका" गिळून टाकलं आणि सासूबाईंवर तुटून पडले. "लेकाला मारायचं होतं का तुम्हाला, आत्याबाई? डोकं आहे का जाग्यावर?"

त्या माठातलं पाणी आणून एकामागून एक टॉवेल भिजवून देत राहिल्या. बॅटरी पार बसली होती, ती थोडी भरेपर्यंत एसी सुरू होणार नव्हता. मी टॉवेल बदलत होते, इन्व्हर्टरच्या लाल दिव्याकडे बघत होते, ह्यांचा श्वास मोजत होते. मध्येच ते बरळायला लागले. आत्याबाईंचे ओठ हलत होते. देवाचं नाव असावं.

दिवा हिरवा झाला. एसी घरघरला. तासाभरानं ताप शंभरावर आला, तेव्हा मला रडू फुटलं.

ह्यांनी डोळे उघडले. "काय झालं व्हतं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "माझ्यानंच चुकलं बाबा. काचंवर कुरडया टाकल्या. मला काय कळतंय त्यातलं."

"माय, लई वेळा सांगितलं ना तुला, वरच्या प्लेटांवर कायबी टाकत जाऊ नको." एवढं बोलून त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी टॉवेल पिळत राहिले, आणि पिळून झाल्यावरही तोच टॉवेल पुन्हा पिळला.

ह्यांना हात उचलता येत नाहीत. रोजचा घास त्यांना आत्याबाईच भरवतात. त्या संध्याकाळी आत्याबाई ताट घेऊन आल्या तर ह्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी घास पुन्हा पुढं केला, मग ताट माझ्या हातात देऊन त्या बाहेर गेल्या. मी भरवलं, आणि ते जेवले.